शिव्यांनी बांधलेला बंधारा

मी सांगतो ते ऐका, पण विश्वास ठेवू नका, कारण आजवर कुणी ठेवलेला नाही. एरंडोलच्या एका मास्तरांना ही गोष्ट सांगत होतो, तर ते अर्ध्यातूनच उठले आणि छत्री विसरून भर उन्हात चालते झाले. पारोळ्याच्या एका वकिलानं मात्र शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, तोताराम आबा, हे कोर्टात कधी सांगू नका, तुमच्यामुळे बाकीचे साक्षीदारही खोटे ठरतील.

तर मी शिव्यांनी बांधलेला बंधारा पाहिला आहे. चुना नाही, गवंडी नाही, सरकारचा ओव्हरसियर नाही. नुसत्या शिव्या आणि शिव्यांच्या मागोमाग दगड. जेवणं झाल्यावर काम सुरू झालं आणि गुरं घरी येईपर्यंत नाला अडला होता.

हसा. तसंही दुसरं काय करणार? ड्रायव्हर इंजिनाचा पट्टा आणायला ट्रकवर बसून पारोळ्याला परत गेला आहे, धुळं अजून लांब आहे, आणि ह्या माळावर सावली म्हणाल तर हे एवढं एक निंब. कंडक्टर सुकदेवभाऊ आपल्यातच बसले आहेत, म्हणजे गाडी आपल्याला टाकून जाणार नाही एवढी तरी खात्री आहे. ती तिकडे ट्रंकेवर पाठमोरी बसलेली माय, तोंडावर पदर ओढलेला, आखाजी करून माहेराहून सासरी निघालेली दिसते. तिचा जीव अजून माहेरातच असेल. तिला ऐकायचं नसेल तर तिनं खुशाल डोळा लावावा.

मी लोणपिंप्रीचा. आमचं गाव ह्या काठाला, खैरगव्हाण त्या काठाला, आणि मधे खापऱ्या नाला. उन्हाळ्यात त्या नाल्यात चिमणीला आंघोळ करायची म्हटली तर तिला आधी चौकशी करावी लागते. आषाढात तोच नाला म्हैस उचलून नेतो आणि रेडकासाठी परत येतो. नाल्याच्या वळणावर माझं वावर. काळी जमीन. कापूस कमरेला लागायचा, आणि वेचणीला आलेल्या बाया म्हणायच्या, आबा, तुमच्या वावरात वाकावं लागत नाही.

खापऱ्यालाही तेच वावर आवडलं. पहिल्या वर्षी त्यानं बांध खाल्ला. पुढच्या पावसात बांधावरची बोर खाल्ली. मग तो आत शिरला आणि सरीमागून सरी खात विहिरीपर्यंत आला. विहीर दगडांनी पक्की बांधलेली. ती काही त्याच्यानं खाववेना. म्हणून त्यानं भोवतालची माती नेली आणि विहीर तशीच उभी ठेवली, मिनारासारखी. मी शिडी लावून विहिरीवर चढायचो आणि वरून आत दोर सोडायचो. वाटसरू थांबून विचारायचे, ही कोणत्या पिराची जागा. एकानं नवस बोलून नारळ फोडला, आणि त्याला मुलगा झाला.

सुकदेवभाऊ, तुम्ही तिकिटांचं बघा. विहीर पटत नसेल तर विहीर सोडून द्या, पण वावर जात होतं हे खरं. पाऊस लागला की मी ओट्यावर बसून नाल्याचा आवाज ऐकायचो, आणि आमची सुंदरबाई चुलीपासून म्हणायची, "जा, वावरले एकदाव देखी या." जणू कुणी घरातलं माणूस शेवटच्या घटका मोजत आहे. वळणाच्या वरच्या अंगाला एक बंधारा पडला, पाण्याचा जोर मोडला, तरच ते वाचणार होतं. सरकारची बांधबंदिस्ती आमच्याकडे पोहोचायला नातवंडं म्हातारी व्हायची होती. आणि अशात शेठ रुपचंदांचा निधी निघाला.

शेठ रुपचंद म्हणजे जळगावचे कापसाचे व्यापारी. दानधर्माला हात मोकळा. धर्मशाळा बांधून झाल्या होत्या, पाणपोया झाल्या होत्या, गोशाळेत गाई मावत नव्हत्या. अशात त्यांनी कुणाच्या तरी व्याख्यानात ऐकलं की देशाची माती दर पावसाळ्यात वाहून समुद्राला मिळते. शेठ अस्वस्थ झाले. आपल्या कापसाखालची माती तापीतून परस्पर सुरतेकडे जाते आणि मधे कुणाला दलालीसुद्धा सुटत नाही, हे काही त्यांना सहन होईना. त्यांनी जाहीर केलं, जे गाव आपली जमीन राखील त्याला निधी बांध घालून देईल. साल छप्पन्न किंवा सत्तावन्न. तेव्हा आपण पूर्व खानदेशात होतो आणि पूर्व खानदेश मुंबई राज्यात होता.

निधी काढणं सोपं हो. द्यायचा कुणाला, तिथे घोडं अडलं. निवड करायला तिघं बसली. एक स्वतः शेठ. दुसरे शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब, ज्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नाही, कारण सगळा मुलूख त्यांना उतारसाहेब म्हणायचा. कुठेही गेले की पहिला प्रश्न, उतार किती. जेवायला बसले तर ताटातलं वरण कोणीकडे चाललंय ते बघून ओट्याचा उतार सांगायचे आणि मगच घास घ्यायचे. तिसऱ्या प्रमिलाबाई. खादीचं लुगडं, पायात वहाणा, गावोगाव महिला मंडळं काढायच्या. बाई भली, पण कुठेही चारजण एकत्र दिसले की तिचे डोळे भरून यायचे.

तिघांच्या तीन तऱ्हा. उतारसाहेबांना असा नाला हवा होता की ज्याचा उतार त्यांच्या पुस्तकातल्या उताराला जुळेल. प्रमिलाबाईंना हवी होती एकी. त्या म्हणायच्या, माती मागाहून अडेल, आधी माणसं एका दिलाची पाहिजेत. शेठचं मागणं साधं होतं. संगमरवरी पाटी अशा जागी बसावी की धुळं-जळगाव सडकेवरून जाणाऱ्या मोटारीतून नाव वाचता यावं, आणि पाटी पुरात जाऊ नये. आता तुम्हीच सांगा, पुस्तकातला उतार, काठावर एका दिलाची माणसं आणि वर सडकेला लागून वाहायचं. एका नाल्यानं कुणाकुणाचं ऐकायचं?

बातमी फुटली आणि अर्ज सुरू झाले. पारोळ्याच्या बाजारात कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की मागायचं ते मागा, फक्त 'जमीन राखण्यासाठी' एवढे शब्द त्यात घाला. मग एका गावानं जमीन राखण्यासाठी मारुतीचं देऊळ मागितलं, कारण देवळाखालची माती वाहून जात नाही. एका गावानं तालीम मागितली. पैलवान अंगाला माती लावून घरी जातात, गावची माती गावातच राहते. पद्मालयाच्या बाजूच्या एका गावानं बँडचा संच मागितला. त्यात जमीन कशी राखली जाते ते मला अजून कळलेलं नाही, पण प्रमिलाबाई त्याला अर्ध्या तयार झाल्या होत्या. बँडमध्ये सगळे एका तालात वाजवतात ना.

देऊळ, तालीम, बँड, सगळं गाळत गाळत शेवटी दोन गावं उरली. लोणपिंप्री आणि खैरगव्हाण. नाला एकच, सडक दोघांना सारखीच जवळ. आम्ही म्हणत होतो, बंधारा वळणावर घाला, माझ्या वावराच्या वर. ते म्हणत होते, खाली घाला, आमच्या फरशीजवळ, तिथल्या ठेंगण्या दगडी पुलाशी. वळणावर झाला तर माझं वावर राहिलं, फरशीजवळ झाला तर गेलं. शेठच्या निधीत लोक काय काय मोठमोठं बघत होते ते बघोत. मला त्यात एवढंच दिसत होतं.

आमचे सरपंच जीवराम पाटील. माणूस देवमाणूस, पण बोलायची पाळी आली की तंबाखू मळायला घेतो आणि समोरचा कंटाळून निघून जाईपर्यंत मळतो. म्हणून बोलायचं काम गावानं माझ्यावर टाकलं. मी म्हटलं, बोलायचं माझ्याकडे, पण दाखवायचं तुम्ही तयार करा. मग तयारी लागली.

प्रमिलाबाईंसाठी एकी पाहिजे होती. आमच्यात वना आणि भटू असे दोघे सख्खे भाऊ, एका कडब्याच्या गंजीवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ठरलं की पाहणीच्या दिवशी त्यांना एका बाजेवर शेजारी शेजारी बसवायचं. दोघे बसायला कबूल झाले, बोलायला नाही. जीवरामभाऊ म्हणाले, नका बोलू, लांबून एकीच दिसते. शेठच्या पाटीसाठी वळणावरचा मोठा खडक घासून धुतला आणि त्यावर पाटीच्या मापाचा गेरू लावला, म्हणजे शेठना नुसतं नाव डोळ्यांपुढे आणायचं काम उरावं. राहिला उतार. तो कुठून आणायचा? मी तोड काढली. खैरगव्हाणवाले किती सांगतात ते आधी काढून घ्यायचं, आणि आपण त्यावर थोडा चढवून सांगायचा. मागाहून कळलं, त्यांनीही हीच तोड काढली होती. आमचा माणूस त्यांच्याकडे, त्यांचा आमच्याकडे, असं करता करता दोन्ही गावांचा उतार इतका वाढला, की तसा नाला असता तर तो नाला नव्हे, धबधबा म्हटला असता.

आणि मग चूक झाली. तीही अशी चूक, की जी आपल्या खानदेशातला गडीमाणूसच करू जाणे.

निधीकडून विचारणा आली, की पाहणीला कधी यावं, गावातली सगळी माणसं घरी सापडतील असा दिवस कळवा. जीवरामभाऊंनी तंबाखू मळत विचार केला. पेरणीत गाव घरी नसतं, वेचणीत नसतं, बाजाराच्या दिवशी नसतं. त्यांनी कळवलं, आखाजी. जुन्या सालदाराचं साल त्या दिवशी संपतं, नव्याचं सुरू व्हायचं असतं, औत-काठी सगळं बंद. पलीकडे खैरगव्हाणचे सरपंच पुना पाटील. त्यांनाही तीच विचारणा गेली होती, आणि त्यांनीही कळवलं, आखाजी. जळगावात तिघं खूश. प्रमिलाबाई म्हणाल्या म्हणे, बघा, एकमेकांना न विचारता दोन गावं एका दिवसावर आली.

दोन्ही सरपंच पुरुष, हीच सगळी भानगड. आखाजीला आपण पुरुष काय करतो? आमरस ओरपतो, सांजोऱ्या खातो, आणि पत्त्यांचा डाव मांडून जगाला विसरतो. त्या दिवशी बाया काय करतात, हे दोघांतल्या एकालाही आठवलं नाही.

तुमच्यात कुणी घाटावरचं असेल तर सांगून ठेवतो. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि दुपार कलली की गौराई घेऊन नाल्यावर जातात. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या लेकी येतात. मग सुरू होतं. वर्षभर सासरी मिटून ठेवलेलं तोंड त्या दिवशी उघडतं. ह्या काठावरून शिवी, त्या काठावरून तिला उत्तर. शिव्या पुरेनाशा झाल्या की दगड. राग कुणी धरत नाही. लागलं तर हळद चेपतात आणि हसत घरी जातात. ज्या आखाजीला दगडफेक झाली नाही ती आखाजी कसली, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात.

काय विचारलंत माय? आमच्या काठावर कोण कोण होतं? वा, म्हणजे जाग्या आहात. सगळ्या होत्या की. बेबाबाई होती, कुंदाबाई होती. आणि आमची सुंदरबाई तर सगळ्यांच्या पुढे, पदर कमरेला खोचून. तिचा नेम असा, की आंब्यावरचा पोपट न दुखवता त्याच्या चोचीतली कैरी पाडावी.

तर शेठची मोटार खैरगव्हाणची पाहणी उरकून आमच्याकडे यायला निघाली, आणि नेमकी त्या घटकेला वळणावर नाल्यात उतरली. मधोमध वाळूत चाक रुतलं. काळी, लांबलचक मोटार. आत मागे शेठ आणि प्रमिलाबाई, पुढे ड्रायव्हरशेजारी उतारसाहेब, मांडीवर उतार मोजायचं पाणसळीचं यंत्र. दोन्ही काठ बायांनी भरलेले. प्रमिलाबाईंना वाटलं, हे आपलं स्वागत. त्या मोटारीतून उतरल्या आणि दोन्ही काठांकडे वळून वळून नमस्कार करायला लागल्या. आमच्या बायांना वाटलं, ही खैरगव्हाणची नवी पाहुणी. त्यांच्या बायांना वाटलं, ही लोणपिंप्रीची. दोन्ही काठांनी तिचा समाचार घेतला.

खैरगव्हाणकडून आवाज आला, "लोणपिंप्रीनी म्हैस दूध देत नही, धार काढाले बसा ते ताकच देस."

आमच्याकडून उत्तर गेलं, "खैरगव्हाणना नवरदेव सोताना लगीनले बी दुसरा दिन येस."

प्रमिलाबाईंना अहिराणी येत नव्हती. त्यांनी उतारसाहेबांना विचारलं, बाया काय म्हणतात. साहेबांनाही येत नव्हती, पण शेतकी खात्यातला माणूस मला माहीत नाही असं कसं म्हणेल? ते म्हणाले, दुधाच्या धंद्याबद्दल काही अडचणी मांडताहेत.

मग पहिला दगड आला, आणि उतारसाहेब यंत्रासकट मोटारीखाली गेले.

आता इथून पुढे तुम्ही विश्वास ठेवणार नाही. दोन्ही काठांवर बाया सारख्याच, सगळ्या जात्यावर दळणाऱ्या, सगळ्यांचा हात सारखाच, पोटात आमरसही सारखाच गेलेला. त्यामुळे व्हायचं काय, की इकडचा दगड आणि तिकडचा दगड नाल्याच्या बरोबर मध्यावर हवेत एकमेकांना भेटायचे, टक्कर व्हायची, आणि दोघे सरळ खाली. त्यांच्यावर पुढचे दोन. त्यांच्यावर त्याच्या पुढचे. एकही इकडे नाही, तिकडे नाही. गवंडी बघत राहिला असता.

बरोबर. सुकदेवभाऊंची शंका बरोबर आहे, मी ऐकली. मध्यावर दगड पडत गेले तर रांग नाल्याच्या लांबीत जाईल, नाल्याला आडवी कशी येईल? तुम्ही कंडक्टर कशाला झालात, तुम्ही इंजिनियर व्हायचं. पण भाऊ, मी वळण म्हणालो होतो ना. पाणी येतं सरळ, नाला वळतो बाजूला. वळणावर पाण्याला मधली रांग आडवीच लागते. उतारसाहेबांनाही हीच शंका आली होती. ते मोटारीखाली पालथे पडले होते, टोपी वाळूत, कानाशी दगडांचा पाऊस, पण माणूस अस्सल. त्यांनी तिथूनच एक डोळा मिटला, दुसरा रांगेला लावला आणि शेठना ओरडून सांगितलं की रांग सुतात आहे.

ड्रायव्हर बिचारा भोंगा वाजवत सुटला. बायांना वाटलं, गौराईची वाजंत्री आली. त्यांना जास्तच चेव आला. प्रमिलाबाई मोटारीच्या आडोशाला बसून डोळे पुसत होत्या, आणि शेठ विचारत होते, बाई, लागलं का कुठे. लागलं कसलं? त्या म्हणत होत्या, एवढ्या बाया, एकाच वेळी, एकाच कामाला, आणि कुणी कुणाच्या हाताखाली नाही. असं श्रमदान मी उभ्या महाराष्ट्रात पाहिलं नाही.

ऊन उतरेपर्यंत रांग कमरेला आली. मोटार अर्धी आत चिणली गेली, पुढचे दिवे तेवढे बाहेर, सडकेकडे तोंड करून. शेठ उठले, चार पावलं लांब जाऊन मोटारीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. तर ते म्हणाले, दोन दिव्यांच्या मधे पाटी छान बसेल.

दगड संपले आणि बाया थांबल्या. मोटारीच्या टपावर बसून निधीची बैठक झाली. साहेबांना उतार मिळाला होता, प्रमिलाबाईंना एकी मिळाली होती, शेठना पाटीची जागा मिळाली होती. सगळं जुळून आलं, फक्त बंधारा कुणाला द्यायचा ते राहिलं होतं. साहेब म्हणाले, हे सुके दगड पहिल्या पुरात जातील, ह्याची चुन्यात पक्की भिंत झाली पाहिजे. शेठ म्हणाले, भिंत निधी घालील, पण गाव एकच. दगड दोघांचे असोत, निधी एकाचाच, नियम म्हणजे नियम. मग भिंत इथे वळणावर घालायची की दगड उचलून खाली फरशीवर न्यायचे, ते त्या गावानं ठरवावं.

जीवरामभाऊ झोपेतून उठून धावत आले होते. पुना पाटील हातातल्या पत्त्यांसकट आले होते, आणि पान कुणाला दिसू नये म्हणून ते छातीशी धरून बोलत होते. दोघे एकदम बोलले. मीही घसा साफ केला, भाषण चांगलं पाठ केलं होतं. शेठनी हात वर केला. म्हणाले, पुरुषांनी आज पुष्कळ आराम केला आहे, आणखी थोडा करावा. ज्यांनी बांधला त्यांनाच विचारू, हा बंधारा कुणाचा?

आणि काय सांगू, दोन्ही काठांवर बाया एकमेकींना पुढे ढकलायला लागल्या. शेठ इकडे बघतात, तिकडे बघतात. माझ्या समोर माझं वावर, उरलेलं. जून दारात आलेला. त्या पावसात नाला विहीर ओलांडून पलीकडे जाणार होता, आणि पलीकडे वावर संपून बांधच होता. मी पाठ केलेलं भाषण विसरलो. मी तोताराम, आणि भाषण विसरलो. इथे तुम्ही विश्वास ठेवला नाही तरी चालेल.

तेव्हा आमच्या काठावरून आमची सुंदरबाई पुढे आली. कमरेचा पदर सोडून तिनं डोक्यावर घेतला. हातात एक दगड उरला होता, तो खाली ठेवला. आणि शेठकडे बघून म्हणाली, "शेठ, पानी कोना गावनं ते इचारू नका. माती कोनी जास ते इचारा. मना घरना मानूसनी माती जाई ऱ्हायनी."

संपलं. उतारसाहेबांनी वाळू झटकून टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढून हातात धरली. प्रमिलाबाई तर नाला ओलांडून आमच्या काठावर आल्या आणि त्यांनी सुंदरबाईला जवळ घेतलं. पलीकडच्या बाया, खैरगव्हाणच्या, त्यासुद्धा म्हणाल्या, जाऊ द्या, ह्यांनाच द्या. पुना पाटलांच्या हातातली पानं गळून पडली, चांगली पानं होती.

बंधारा वळणावर झाला, लोणपिंप्रीच्या नावानं. माझं वावर राहिलं. राहिलं म्हणजे काय, गेलेली मातीसुद्धा दोन पावसाळ्यांत परत आली आणि ज्या सरीतली त्या सरीत जाऊन बसली. विहीर हळूहळू जमिनीत उतरली. मी शिडी विकून टाकली. आज त्या वावरात केळी आहे. घड एवढा, की तोडायला एकजण वर लागतो आणि समजूत घालायला एकजण खाली. आणि गावात कुणालाही विचारा, ते हेच सांगतील, की तोतारामाचं वावर तोतारामाच्या बायकोनं आपल्या काठावर उभं राहून वाचवलं.

काय म्हणता माय? सुंदरबाईचं माहेर? आता गोष्टीत माहेर कशाला हवं मधेच. आहे इकडेच कुठेतरी, जवळपास. अहो, उठलात कशाला, बसा, ट्रंक कलंडेल. ड्रायव्हर यायला अजून वेळ आहे. असं तोंडावरचा पदर काढून माझ्याकडे काय बघता?

"जवाईबुवा, वळखं नही का मले? मी सुगंधा, पुना पाटीलनी लेक. आखाजीले कोनती लेक सासरले ऱ्हास? सुंदरअक्का तुमना काठवर व्हतीच नही. ती आमना काठवर व्हती, मना शेजारले, अनी पहिला धोंडा तिनीच तुमनाकडे फेका. शेठले तिनी सांगं, मना घरना मानूस दिनभर बोलस, पन सोताना बांधवर एक दगड ठेवत नही, त्यानी माती तठे थांबाव नही, ती वाहीसन आठे मना माहेरलेच येस, मंग बंधारा आठेच बांधा. बंधारा आमना फरशीजोडे शे, जवाईबुवा. अनी तुमनं वावर बठ्ठं त्यामा गाळ व्हईसन पडेल शे, मना भाऊ त्यावर भरीतना वांगा पिकाडस."